नेट नसलेल्या गावांत एका मशीनवरून दुसऱ्या मशीनला टपाल: वाट कशी शोधायची?

सिपनाकाठ (धारणी तालुका)

नमस्कार मंडळी. आम्ही मेळघाटातल्या काही गावांत मिळून वाचनालयं चालवतो. प्रत्येक ठिकाणी एक जुना डेस्कटॉप आहे, लिनक्स टाकलेला. मोबाइलची रेंज काही गावांत बरी आहे, काही ठिकाणी टेकाडावर चढलं तर लागते, आणि हतरूकडच्या भागात दिवसचे दिवस नसते. पोरं पुस्तकांची मागणी लिहितात, म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेल्या कोरकू गोष्टी टाइप करतात. सध्या हे सगळं पेनड्राइव्हवर टाकून जो कोणी जात असेल त्याच्या हाती देतो. कोणता पेनड्राइव्ह कोणत्या गावी अडकला हे आठवडाभर कळत नाही.

इंटरनेटच्या आधी मशिनी रात्री एकमेकींना फोन लावून टपाल पुढं सरकवायच्या, असं वाचलं. एका जुन्या संशोधन लेखाखाली लेखकाचा पत्ताही दिसला, त्यात उद्गारचिन्हांनी जोडलेली मशिनींची नावं होती: युयुनेट!शक्ती!असं काहीतरी. म्हणजे पत्त्यातच वाट. माझा प्रश्न असा की ही वाट पाठवणाऱ्याला कळायची कशी? मध्ये बसून सांगणारं कोणी नव्हतं ना? आणि तीच रीत आमच्या गावांना लावता येईल का?

कोड_अमरावती

ताई, हा शॉर्टेस्ट पाथचा, म्हणजे सगळ्यात जवळची वाट काढायचा, सरळ प्रश्न आहे. गावं म्हणजे नोड, रस्ते म्हणजे एज, किलोमीटर हे वजन. अशी वाट काढायची ठरलेली रीत आहे, डाइक्स्ट्राचा अल्गोरिदम, तो लावा, पायथनमध्ये तासाभरात होईल. कोड मी लिहून देतो, गावांची यादी आणि अंतरं पाठवा.

संत्रापट्टा (वरूड)

ताई, या विषयावर कोणी विचारलं की मला राहवत नाही, म्हणून लांब लिहितो. आता मी वरूडकडे संत्र्याची बाग पाहतो, पण १९८९ नंतरची काही वर्षं मुंबईत एका संस्थेचं युनिक्स मशीन माझ्या ताब्यात होतं. आमचं मशीन रात्री मोडेमवरून (कम्प्युटर फोनच्या तारेला जोडणारी पेटी) जुहूच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेतल्या 'शक्ती' या मशीनला फोन लावायचं. शक्तीच्या पुढं थेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं युयुनेट. तुम्ही पाहिलेला पत्ता याच वाटेचा.

तो पत्ता डावीकडून वाचायचा. युयुनेट!शक्ती!अमुक!जोशी असं लिहिलं असेल तर पत्र आधी युयुनेटला द्यायचं. युयुनेट स्वतःचं नाव काढून उरलेलं शक्तीला देतं, शक्ती आपलं नाव काढून 'अमुक'ला देते, आणि तिथं जोशींच्या पेटीत पत्र पडतं. कोणत्याही मशीनला सगळं जग माहीत असायची गरज नाही, शेजारी माहीत असला की झालं. शेजाऱ्यांची एक फाइल असायची. प्रत्येक ओळीत मशीनचं नाव, कोणत्या वेळेत फोन लावायचा, मोडेमचा वेग, फोन नंबर आणि लॉगिन कसं करायचं ते. आपल्याकडे रात्री ११ नंतर एसटीडीला पाव दर लागायचा, त्यामुळे वेळेच्या रकान्यात बहुतेक तेच. तोवर पत्रं डिस्कवर रांगेत पडून राहायची.

असे फोन लावून टपाल पुढं देणारा यूयूसीपी नावाचा प्रोग्राम अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेत माइक लेस्क यांनी १९७६ च्या सुमारास लिहिला, आणि १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो विद्यापीठांत पसरला. पण वाट शोधणं हे काम यूयूसीपीचं नव्हतंच. ते माणसानं डोक्यानं करायचं.

सुरुवातीला जमलं, कारण काही मशिनी सगळ्यांना ठाऊक होत्या. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला बेल लॅब्सचं आयएचएनपी४. न्यू हॅम्पशायरमध्ये डिजिटल कंपनीचं डेकवॅक्स. बर्कलीचं यूसीबीवॅक्स. युरोपात जायचं तर ॲमस्टरडॅमचं एमसीवॅक्स. या मशिनींचे मालक शेकडो शेजाऱ्यांना फोन लावू द्यायचे आणि बिलाचा मोठा भार स्वतः सोसायचे. म्हणून लोक आपला पत्ता असा छापायचे: महिरपी कंसात आयएचएनपी४, डेकवॅक्स, यूसीबीवॅक्स, आणि कंसाबाहेर !माझंमशीन!मी. म्हणजे या तिघांपैकी कोणापर्यंत पोचता येतं ते तुम्ही पाहा, तिथून पुढची वाट मी सांगतो. दिसायला साधी युक्ती, पण तिच्यावर काही वर्षं अख्खं जाळं चाललं.

मग मशिनी हजारांनी वाढल्या. पत्राला उत्तर द्यायचं तर लोक आलेल्या वाटेचीच उलटी वाट लिहायचे, आणि ती वाट वेडीवाकडी असायची. शेजारच्या इमारतीतल्या माणसाला उत्तर देताना पत्र देश फिरून यायचं. शिवाय वाटेत लिहिलेली नावं खरी आहेत का हे तपासायची सोय नव्हती. १ एप्रिल १९८४ ला ॲमस्टरडॅमच्या पीट बीर्टेमा यांनी क्रेमलिनमधल्या 'क्रेमवॅक्स' नावाच्या मशीनवरून तेव्हाचे सोव्हिएत नेते चेर्नेन्को लिहितायत असा संदेश सोडला आणि कितीतरी लोकांनी खरा मानला. ती मशीन नव्हतीच.

आता तुमच्या प्रश्नाचं मूळ. उपाय दोन भागांत होता, आणि दुसऱ्या भागाचंच नाव जास्त होतं.

पहिला भाग, नकाशा. यूयूसीपी मॅपिंग प्रोजेक्ट म्हणून स्वयंसेवकांचं काम होतं. प्रत्येक मशीनवाल्यानं आपली एक नोंद लिहून पाठवायची. मशीनचं नाव, संस्था, कोणाशी बोलायचं, फोन, टपालाचा पत्ता, अक्षांश-रेखांश, नोंद शेवटची कोणी आणि कधी बदलली. आणि खाली मुख्य ओळ: मी कोणाकोणाला फोन लावतो, किती वेळा. देशवार आणि प्रांतवार माणसं या नोंदी गोळा करायची आणि ठरावीक अंतरानं त्या सगळ्यांना पाठवल्या जायच्या. कोणाच्याच ताब्यात अख्खं जाळं नव्हतं, पण अख्खा नकाशा प्रत्येकाच्या डिस्कवर होता.

दुसरा भाग, पाथएलियस. स्टीव्ह बेलोविन आणि पीटर हनीमन यांचा हा प्रोग्राम, १९८६ मध्ये त्यावर त्यांचा लेखही आला. नकाशा आत टाकायचा, बाहेर प्रत्येक मशीनसाठी एक तयार वाट. अमरावतीच्या भाऊनं सांगितलं तो डाइक्स्ट्राच आत होता, कमी जोडण्यांच्या जाळ्याला शोभेल असा केलेला. पण भाऊ, वजन किलोमीटर नव्हतं. तुमच्या उत्तरातली तेवढी एक गोष्ट बदलायला हवी.

वजन होतं थांबण्याचं. एकाच इमारतीतली जोडणी २५. हवं तेव्हा लांबचा फोन लावता येत असेल तर ३००. दर तासाला ठरलेला फोन असेल तर ५००. फक्त संध्याकाळनंतर असेल तर १८००. रोज एकदा, ५०००. आठवड्यात कधीतरी, ३००००. यात अंतर कुठंच नाही. दिल्ली आणि न्यूयॉर्क तासातासाला बोलत असतील तर ते एकमेकांच्या जवळ, आणि एकाच गावातल्या दोन मशिनी आठवड्यातून एकदा बोलत असतील तर त्या लांब. तिसऱ्या तासाला फोन असेल तर तासाच्या आकड्याला तीननं गुणून लिहिता यायचं.

आणखी एक बारीक गोष्ट पाहा. रोजचा आकडा तासाच्या दहापट आहे, चोवीसपट नाही. कारण प्रत्येक हस्तांतरणाला स्वतःची जोखीम असते. डिस्क भरलेली असते, मोडेम बंद असतो, सांभाळणारा सुट्टीवर असतो. चोवीसपट ठेवलं असतं तर प्रोग्रामनं एक रोजची जोडणी टाळायला मशिनींच्या लांब माळेतून पत्र फिरवलं असतं. हे आकडे सूत्रातून काढलेले नाहीत, वापरून वापरून बसवलेले आहेत. मला ते आजही फार समजूतदार वाटतात.

मेळघाटाला लावून पाहू. हतरूहून आठवडी बाजाराला एक गाडी थेट परतवाड्याला जाते असं धरा. ती ३००००. आणि हतरूहून रायपूर, रायपूरहून सेमाडोह, सेमाडोहहून परतवाडा असं रोज कोणी ना कोणी जातं असं धरा. तीन वेळा ५०००, म्हणजे १५०००. प्रोग्राम दुसरी वाट निवडेल, हातबदल जास्त असूनही. आणि बरोबर निवडेल, कारण पत्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोचेल.

पण ताई, हे सगळं नकाशाच्या ओळी खऱ्या असतील तरच. माझा जीव त्या काळी यातच गेला. वाट शोधायला मशीनला काही मिनिटं लागायची. नकाशा खरा ठेवायला माणसं वर्षभर राबायची. एखाद्या संस्थेनं शेजाऱ्याला फोन लावणं बंद केलं आणि नोंद बदलली नाही, तर जगभरचे पाथएलियस त्या मेलेल्या जोडणीवरून पत्रं पाठवत राहायचे. ती तिथं दिवसच्या दिवस पडून राहायची आणि मग कधीतरी 'पोचलं नाही' म्हणून परत. उलटही व्हायचं. कोणी उत्साहात 'हवं तेव्हा' असं लिहिलं की दुसऱ्यांची पत्रं त्याच्या मशीनमधून वाहायला लागायची आणि फोनचं बिल त्याच्या माथी. म्हणून आधी कोड लिहू नका. आधी प्रत्येक गावच्या माणसाकडून त्याच्या हातानं ओळ लिहून घ्या: माझ्याकडून कोण, कुठं, किती वेळा जातं. खरोखर जातं ते, जायला हवं ते नाही. ओळीपुढं तारीख आणि नाव.

सिपनाकाठ

काका, मनापासून आभार. किलोमीटरचा विचार मीही करून राहिले होते.

आज काही गावांत विचारून पाहिलं. एक अडचण लगेच आली. मुक्कामी एसटी संध्याकाळी वर येते आणि सकाळी खाली जाते. पेपरचं पार्सल फक्त वर येतं. आमचे एक शिक्षक शनिवारी खाली जातात, सोमवारी वर येतात. म्हणजे वर येण्याची आणि खाली जाण्याची सोय सारखी नाही. एका ओळीत कसं लिहू? आणि पावसाळ्यात सिपनेला पूर आला की काही गावं तुटतात, तेव्हा ओळ पुसायची का?

सॉर्टर_बडनेरा (निवृत्त, रेल्वे डाक)

बाई, मी कम्प्युटरवाला नाही. नोकरी सगळी आरएमएसमध्ये गेली, रात्रीच्या गाडीत थैल्या फोडायच्या आणि खणांत टपाल लावायचं. वरच्या भाऊंनी लिहिलं ते वाचून मला आमची सॉर्टिंग लिस्टच आठवली. कोणत्या पोस्टाचं टपाल कोणत्या थैलीत, ते त्यात असे. गाडीचं टाइमटेबल बदललं की लिस्टमध्ये दुरुस्ती येई, आणि ती दुरुस्ती लिस्टवर चढवल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही असा दंडक होता. जुन्या लिस्टवर लावलेली थैली भुसावळला जाऊन दोन दिवसांनी परत येई.

तुमचं जाणं-येणं वेगळं असणारच. आमच्यातही अप आणि डाउनची लिस्ट वेगळी असे. एका कागदावर दोन्ही घालू नका, घोळ होतो.

एक विनंती. थैलीबरोबर आमचा एक कागद जाई, आत काय काय आहे त्याचा. घेणारा मोजून सही करी. तुमच्या पेनड्राइव्हबरोबर असं काही ठेवा. कुठं अडकलं ते सहीवरून लगेच दिसेल.

संत्रापट्टा (वरूड)

साहेब, तुमचं उत्तर वाचून फार बरं वाटलं. दोन याद्या ठेवायचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर, आणि पाथएलियसमध्येही जोडणी एका दिशेचीच असायची. मोठं मशीन छोट्याला कधीच फोन लावत नसे, छोट्यानंच लावायचा. मग छोट्याकडून मोठ्याकडे जायला ३०० आणि मोठ्याकडून छोट्याकडे यायला ५०००, कारण मोठ्याकडचं टपाल छोटा फोन करील तोवर थांबलेलं. ताई, तुम्हीही तसंच करा. प्रत्येक गावानं फक्त आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या जोडण्या लिहायच्या:

सेमाडोह: परतवाडा(रोज), हरिसाल(रोज), रायपूर(रोज)
रायपूर: सेमाडोह(रोज), हतरू(रोज)
हतरू: रायपूर(रोज), परतवाडा(आठवडा)
परतवाडा: सेमाडोह(रोज)

पाहा, परतवाड्याच्या ओळीत हतरू नाही, कारण बाजाराची गाडी परत येताना थेट येते की नाही हे मला ठाऊक नाही. ते परतवाड्याच्या माणसानं लिहावं. दुसऱ्याच्या वतीनं ओळ लिहायची नाही, हा नियम पाळा. वरच्या ओळी नमुन्यापुरत्या आहेत, खऱ्या तुम्हीच भरा.

पुराचं: ओळ पुसू नका. पाथएलियसमध्ये जोडणी 'मृत' म्हणून जाहीर करता यायची. म्हणजे तिची किंमत इतकी वाढवायची की दुसरी कोणतीही वाट असेल तर ती घेतली जाईल, पण दुसरी नसेलच तर पत्र तिथंच उभं राहील आणि पाणी उतरलं की जाईल. पावसाळ्याची एक वेगळी छोटी फाइल ठेवा, जी मूळ नकाशावर चढते. जूनमध्ये चढवा, पाऊस ओसरला की उतरवा.

आणखी एक कळकळीचं सांगणं. वाट कोण ठरवणार ते पहिल्या दिवशी ठरवा. आमच्या काळात काही मशिनी मधल्या मधे वाट 'सुधारायच्या'. पाठवणाऱ्याला माहीत असायचं की अमुक जोडणी आठवडाभर बंद आहे, म्हणून तो मुद्दाम वळसा लिहायचा. मधलं मशीन आपल्या जुन्या नकाशावरून तो वळसा काढून टाकायचं आणि पत्र पुन्हा त्याच बंद जोडणीवर जाऊन बसायचं. लोक संतापायचे, आणि त्यांचं बरोबर होतं. तुमच्याकडे गावं थोडी आहेत, तेव्हा माझं मत असं: पत्रावर फक्त शेवटचं गाव आणि माणूस लिहायचा, आणि प्रत्येक मशीननं आपल्या ताज्या नकाशावरून फक्त पुढचा शेजारी ठरवायचा. पूर आल्याचं सेमाडोहला आधी कळतं, धारणीला नंतर. ज्याला आधी कळतं त्याच्या हातात निर्णय असू द्या. फक्त पत्र चक्रात फिरत राहू नये म्हणून एक अटकाव हवा: रायपूर म्हणेल सेमाडोहला द्या, सेमाडोह म्हणेल रायपूरला द्या, असं झालं तर पत्र दोघांत झुलत राहील. प्रत्येक पत्रावर आत्तापर्यंत कोणकोणत्या मशीनमधून आलं ते नोंदत जा, आणि मर्यादेपलीकडे नावं झाली की माणसाला दाखवा.

मोठ्या जाळ्यातही शेवटी पत्त्यातून वाट निघून गेलीच. १९८३ पासून डोमेन नावांची व्यवस्था बसत गेली. १९८६ मध्ये टपालासाठी वेगळ्या नोंदी आल्या, अमुक डोमेनचं टपाल अमुक मशीनला द्या अशा. आपल्या देशाचं डॉट इन १९८९ मध्ये नोंदलं गेलं आणि त्याची देखरेख एनसीएसटीकडेच होती. तेव्हापासून पत्ता म्हणजे कोण, एवढंच राहिलं. पण त्याला सतत चालू जोडणी लागते, नाव विचारलं की लगेच उत्तर देणारी. हतरूत ती नाही, म्हणून तुम्हाला नकाशाच हवा.

कोड_अमरावती

काका, किलोमीटरचं वजन काढून टाकलं. थांबण्याच्या वजनानं आणि एका दिशेच्या जोडण्यांनी करतो.

एक शंका. हे आकडे नुसते बेरजेचे आहेत, वेळापत्रक कळत नाही त्यांना. मुक्कामी एसटी सकाळी सहाला गेली आणि पत्र सातला आलं तर अख्खा दिवस गेला. अंतराळयानांशी बोलताना असंच असतं, यान कधी दिसणार ते आधी ठाऊक असतं. तिथं कॉन्टॅक्ट ग्राफ राउटिंग वापरतात, भेटीच्या वेळांवरून वाट काढतात. तुटक जोडण्यांच्या अशा जाळ्यांच्या रचनेवर २००७ चा एक आरएफसीही (इंटरनेटच्या रचनेबद्दलचा जाहीर दस्तऐवज) आहे, ४८३८ नंबरचा, इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिंट सर्फ त्याच्या लेखकांत आहेत. ते वापरायचं का?

आणि ताई, यूयूसीपी स्वतः नव्यानं लिहायची गरज नाही. टेलर यूयूसीपी आजही लिनक्सवर मिळतं. पण पेनड्राइव्हसाठी एनएनसीपी जास्त बरं. ते पेनड्राइव्हवरून टपाल न्यायला बनवलेलंच आहे, आणि मधल्या गावाला पत्र उघडून वाचता येत नाही. फक्त वाट त्यात पाठवणाराच ठरवतो, सेटिंगमध्ये कोणामार्गे ते लिहून. काकांनी सांगितल्यासारखं शेजारी ठरवायचा असेल तर प्रत्येक टप्प्यावर पत्र उघडून पुढच्यासाठी पुन्हा बंद करावं लागेल.

संत्रापट्टा (वरूड)

भाऊ, शंका एकदम योग्य जागी आहे. पाथएलियसला वेळापत्रक कळायचं नाही, आणि टेलिफोनच्या जाळ्यात ते खपून जायचं. तुमच्याकडे एसटीच्या वेळा ठरलेल्या आहेत, तेव्हा पुढं त्या घ्या. पण पहिला पावसाळा नुसत्या आकड्यांवर काढा. कागदावरची वेळ आणि गाडी खरोखर येते ती वेळ यांतला फरक आधी ताईंच्या वहीत उतरू द्या, मग वेळांवर वाट काढा.

उघडून बंद करण्याचं: पुस्तकांच्या मागण्या उघड्या गेल्या तर हरकत नाही. पण कोणा पोरानं खासगी काही लिहिलं तर ते मधल्या गावात वाचलं जाता कामा नये. आमच्या काळी प्रत्येक मधल्या मशीनचा माणूस टपाल वाचू शकत होता, आणि ते मला कधीच आवडलं नाही. म्हणून दोन पाकिटं करा. आतलं शेवटच्या गावाच्या किल्लीनं बंद, बाहेरचं फक्त पुढच्या शेजाऱ्यासाठी. वाट बाहेरच्या पाकिटावरून ठरेल.

सिपनाकाठ

दोन्ही भाऊंना आणि बडनेऱ्याच्या काकांना धन्यवाद. प्रत्येक वाचनालयात एक वही ठेवायला सांगितली आहे. डाव्या पानावर जाणारं, उजव्या पानावर येणारं, तारीख आणि सही. नकाशाची ओळ प्रत्येक गावचं पोरगंच लिहील, महिन्याच्या पहिल्या सोमवारी.

कोड_अमरावती भाऊ, फाइलचा नमुना पाठवा. गावांची नावं देवनागरीतच ठेवता येतील ना? पोरांना तशीच लिहिता येतात.

कोड_अमरावती

येतील. यूटीएफ-८ मध्ये वाचतो, त्यात देवनागरी चालते. फक्त एका गावाचं एकच स्पेलिंग ठरवा, हतरू की हातरू ते, नाहीतर प्रोग्रामला ती दोन गावं वाटतील. नमुना रात्री टाकतो.